वाट बदलावी, शिदोरी टाकू नये : व्यवसायांतराचा एक अभ्यास

शिक्षण पुरे करून सेवेत रुजू झालेल्या तरुणाच्या मनात चार-पाच वर्षांनी बहुधा एक प्रश्न डोकावू लागतो. हातातील काम सरावाचे झालेले असते, वेतन नियमित येत असते, घरची मंडळी समाधानी असतात. तरीही ‘हेच काम आपणांस जन्मभर करावयाचे आहे काय?’ हा विचार त्याला स्वस्थ बसू देत नाही. या प्रश्नाचे उत्तर त्याने द्यावयाचे असले, तरी त्याचे परिणाम एकट्या त्याला भोगावयाचे नसतात. त्याच्या वेतनावर धाकट्या भावंडांचे शिक्षण चाललेले असते, घराचे हप्ते फेडले जात असतात, कधी वडिलांचे औषधपाणीही त्यातूनच होत असते. म्हणून वडीलधारी माणसे ‘लागलेली नोकरी सोडू नये’ असे बजावतात, आणि मित्रमंडळी ‘मनाला पटेल ते कर’ असे सांगून मोकळी होतात. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे. पण वाट बदलावयाची ती केव्हा, कोणत्या क्रमाने आणि सोबत काय घेऊन, हे दोहोंपैकी कोणीच सांगत नाही.

प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी ज्यांची कार्ये सर्वांना ठाऊक आहेत, परंतु ज्यांनी तरुणपणी पत्करलेला व्यवसाय पुढे बदलला ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही, अशा तीन व्यक्तींची चरित्रे निवडली आहेत : बेळगावचे लक्ष्मणराव किर्लोस्कर, ग्वाल्हेर व बडोदे येथील संगीतकार्यामुळे आपणांस जवळचे असलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे, आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके. थोरांची चरित्रे वाचून भारावून जाणे सोपे असते. येथे त्यांच्याकडे आपल्यासारख्याच अडचणींत सापडलेले नोकरदार व व्यावसायिक म्हणून पाहावयाचे आहे.

१. व्यवसायांतराची कारणे

व्यवसाय बदलण्याची कारणे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार सक्तीचा. येथे माणूस व्यवसाय सोडत नाही, व्यवसायच माणसाला सोडतो. गोव्यातील खाणकाम २०१२ मध्ये थांबले; पुढे ते सुरू झाले, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील निर्णयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन त्याच वर्षीच्या मार्चपासून ते पुन्हा ठप्प झाले. भूवैज्ञानिक, सर्वेक्षक, यंत्रदुरुस्तीचे कारागीर, ट्रकमालक, बार्जवरील खलाशी या सर्वांपुढे एकदमच प्रश्न उभा राहिला. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांची उरलेली थकीत देणी देण्यास २०२३ च्या डिसेंबरात आरंभ झाला. मध्ये बत्तीस वर्षे लोटली होती. हक्काच्या पैशासाठी झगडणे योग्यच होय. परंतु त्या पैशाची वाट पाहत पुढील आयुष्य थांबवून ठेवता येत नाही, हेही या उदाहरणावरून दिसते.

दुसरा प्रकार कुंठित प्रगतीचा. काम आवडते, येतेही. पण बढतीचा मार्ग आपल्या हाती नसलेल्या कारणांनी बंद असतो.

तिसरा प्रकार आंतरिक ओढीचा. आहे तो व्यवसाय वाईट नसतो, पण मन दुसऱ्याच विषयात रमलेले असते.

आपले कारण यांपैकी कोणते, हे प्रथम निश्चित करावे. वरिष्ठाशी झालेल्या मतभेदाला आंतरिक ओढीचे नाव देऊन राजीनामा देणारे पुष्कळ असतात. तसा मतभेद बदलीने मिटू शकतो. त्यासाठी व्यवसाय बदलण्याची आवश्यकता नसते. उलट, ज्या धंद्याचा पायाच ढासळत आहे त्यात केवळ सवयीने टिकून राहणे, हीसुद्धा चूकच होय.

२. लक्ष्मणराव किर्लोस्कर : नोकरी चालू असताना केलेली चाचणी

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही, असे आढळून आले. चित्रकाराच्या दृष्टीने हा दोष निर्णायक होता. एखादा तरुण तेथेच खचून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र रंग सोडले, रेषा सोडली नाही. यांत्रिक आरेखनास रंगज्ञान लागत नाही. लागते ती अचूक नजर व स्थिर हात. ते त्यांच्याजवळ होते. त्या बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत आरेखनाचे शिक्षक झाले, आणि तेथील यंत्रशाळेत प्रत्यक्ष यंत्रांचा परिचय करून घेऊ लागले. व्यवसायांतराचा हा त्यांचा पहिला टप्पा होय.

दुसरा टप्पा अधिक बोधप्रद आहे. मुंबईत शिक्षकाची नोकरी चालू असतानाच बेळगावात सायकलींच्या विक्रीचे काम सुरू झाले. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला प्रारंभ १८८८ पासून मोजतो, तो या दुकानापासून. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवीत. त्यांचे बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकत आणि गिऱ्हाइकांना सायकल चालविण्यासही शिकवीत. सायकल हे त्या काळी मौजेचे व महागडे वाहन होते. गिऱ्हाईक थोडे, म्हणून धंदाही लहान. पण नुकसान झाले असते तरी ते सोसण्याजोगे होते, कारण एका भावाचे वेतन चालू होते. पुढे संस्थेत योग्यता असूनही त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीस बढती देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरीचा त्याग केला आणि ते बेळगावी आले. राजीनामा अपमानाच्या प्रसंगी दिला गेला हे खरे. परंतु तो देण्याचे सामर्थ्य त्या प्रसंगाने दिलेले नव्हते, ते अगोदरच्या तयारीने दिलेले होते. डावलले गेल्याच्या संतापात आज राजीनामा लिहावयास बसलेल्या तरुणाने हा भेद अवश्य ध्यानात घ्यावा.

तिसरा टप्पा सायकलींकडून शेतीच्या अवजारांकडे. कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यामागोमाग, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने आरंभीचे नांगर बराच काळ पडून राहिले. पुढे नगराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जमीन देऊ केली, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळील माळावर किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. हे साहाय्य अकस्मात लाभलेले नव्हते. औंध येथील देवळाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांनी पूर्वी केले होते, आणि त्या कामावरून पंतप्रतिनिधींना त्यांची पारख झालेली होती. मागील व्यवसायात चोखपणे केलेले काम पुढील व्यवसायात असे उपयोगी पडते.

चित्रकला, आरेखन, यंत्रज्ञान, सायकली, नांगर : वरवर पाहता हे पाच निरनिराळे मार्ग दिसतात. वस्तुतः प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट बदलली आणि बाकीच्या कायम राहिल्या.

३. विष्णु नारायण भातखंडे : सव्वीस वर्षांची तयारी

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. १८८७ मध्ये ते कायद्याची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांनी मुंबईत वकिली केली आणि काही काळ कराचीतही केली. तथापि, पदवी मिळण्यापूर्वीच, १८८४ मध्ये, ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले होते. वकिलीच्या चरितार्थाबरोबर हा व्यासंग वर्षानुवर्षे चालू राहिला. त्यांनी वकिली पूर्णपणे सोडली ती १९१० मध्ये, वयाच्या पन्नाशीत. म्हणजे संगीताच्या दारात पाऊल टाकल्यापासून पहिला व्यवसाय सोडीपर्यंत सव्वीस वर्षे गेली.

एवढा काळ थांबावे असे कोणास सुचविण्याचा येथे उद्देश नाही. पत्नीचे व पुढे मुलीचे निधन झाल्याने त्यांच्यावरील संसाराचे पाशही अकालीच तुटले होते. त्यांची परिस्थिती सर्वांची नसते, आणि तशी ती असावी अशी इच्छाही कोणी करणार नाही. पाहण्यासारखे आहे ते हे की, या वर्षांत त्यांनी वाट पाहिली नाही, तयारी केली. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा प्रवास केला. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, कलकत्ता या बाजूचा. १९०८ मध्ये उत्तरेचा. ठिकठिकाणी जुने ग्रंथ पाहावेत, पंडितांशी चर्चा करावी, उस्तादांकडून चिजा मिळवाव्यात, आणि प्रत्येक गोष्ट टिपून ठेवावी असा त्यांचा क्रम होता. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ १९०९ च्या सुमारास प्रसिद्ध झाला, म्हणजे वकिली सुटण्यापूर्वीच त्यांचे नवे कार्य लोकांसमोर आले होते. त्यानंतर ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ हा मराठी ग्रंथ चार भागांत क्रमाने निघाला. १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली बडोद्यात संगीत परिषद भरली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरास माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनौचे महाविद्यालय निघाले. या तिन्ही कार्यांमागे भातखंडे यांची योजना होती.

आता त्यांच्या शिदोरीचा विचार करू. गाणारे त्यांच्याहून थोर असे त्या काळी अनेक होते. परंतु घराण्याघराण्यांत विखुरलेली, एकमेकांशी न जुळणारी माहिती गोळा करणे, ग्रंथातील वचन आणि गवयाच्या कंठातील प्रत्यक्ष रूप यांचा पडताळा घेणे, विसंगती उघडकीस आणणे, आणि अखेर सर्वांचा मेळ घालून दहा थाटांसारखी व्यवस्था मांडणे, हे काम ज्याला पुरावा तोलता येतो अशा माणसाचे होते. ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ची रचना प्रश्नोत्तररूप आहे. शिष्य शंका काढतो, गुरू तिचे निरसन करतो, शिष्य पुन्हा खोदून विचारतो. ती वाचताना साक्षीदाराची तपासणी आठवल्याशिवाय राहत नाही. वकिली सुटली, वकिलाची शिस्त सुटली नाही, उलट संगीतशास्त्राला तिचाच लाभ झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

४. धुंडिराज गोविंद फाळके : साठलेली कौशल्ये आणि त्यांची किंमत

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या फाळके यांनी जितके व्यवसाय केले, तितके क्वचितच कोणी केले असतील. मुंबईच्या कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १८९० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत कला आणि उद्योग यांचे शिक्षण एकत्र मिळत असे. फाळके यांनी तेथे चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचीही विद्या संपादन केली. पुढे त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. प्लेगच्या साथीत पत्नी व मूल गमावले. नाटकांचे पडदे रंगविले. जादूचे प्रयोग शिकून घेतले. पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. ती सोडून छपाईचा धंदा काढला, त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. आणि भागीदारांशी न पटल्याने तोही सोडला. त्या वेळी त्यांचे वय चाळीस होते. तोवरची हकीकत एवढीच वाचली, तर ‘धरसोडीचा माणूस’ असा शेरा कोणीही मारील.

त्यानंतर मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला, आणि हे काम आपल्या देशात आपण करावयाचे असा निश्चय केला. चित्रपटासाठी दृश्याची मांडणी करता यावी लागते, पडदे व देखावे उभारावे लागतात, कॅमेरा हाताळावा लागतो, रसायनांनी फिल्म धुवावी लागते, आणि डोळ्यांना चकविणाऱ्या करामतीही करून दाखवाव्या लागतात. ही सर्व कामे त्यांनी वेगवेगळ्या धंद्यांत आधीच केलेली होती. विखुरलेली कौशल्ये येथे प्रथमच एका कामात एकवटली.

भांडवल उभारण्याची त्यांची रीत तर प्रत्येक तरुण उद्योजकाने अभ्यासावी अशी आहे. विमापत्रे तारण ठेवून त्यांनी कर्ज काढले आणि १९१२ मध्ये ते इंग्लंडला गेले. तंत्र पाहून व कॅमेरा घेऊन परतले. पण मोठ्या चित्रपटाचे भांडवल मागण्यापूर्वी त्यांनी एक अगदी छोटा चित्रपट तयार केला : कुंडीत पेरलेला वाटाणा उगवून वाढतो, एवढाच त्याचा विषय. रोज थोडे थोडे चित्रण करून वाढणारे रोप त्यांनी पडद्यावर दाखविले, आणि ते पाहून धनकोचा विश्वास बसला. ‘मी हे करू शकेन’ असे सांगणे वेगळे आणि ‘मी हे केले आहे, पाहा’ असे म्हणणे वेगळे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला.

या यशाची दुसरी बाजूही अभ्यासात घेणे आवश्यक आहे. अहोरात्र चित्रपट पाहण्याच्या व प्रयोग करण्याच्या श्रमांनी फाळके यांच्या डोळ्यांना काही काळ मोठा अपाय झाला. त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने दिले. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे त्या शिकल्या. चित्रीकरणास आलेल्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. नव्या वाटेची किंमत घरातील दुसऱ्या माणसाने अशी चुकती केली. बोलपट आल्यावर तर काळच पालटला. फाळके यांचा ‘गंगावतरण’ हा बोलपट १९३७ मध्ये निघाला आणि तो अखेरचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले, तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती चांगली नव्हती. ज्याने एक वाट निर्माण केली, त्यालाही पुढे वाट पुन्हा बदलावी लागते, आणि ती प्रत्येक वेळी साधतेच असे नाही.

५. वेतनाचा प्रश्न

येथे गोव्यातील एका उदाहरणाचा थोडक्यात उल्लेख करणे उचित होईल. साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस घरचा कारभार सोडून बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी बाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ असे करीत सिंहलद्वीपास पोहोचले आणि पाली भाषेचे पंडित होऊन परतले. कलकत्त्यात अध्यापनाचे काम मिळालेले असतानाही त्यांनी सयाजीराव महाराजांची दरमहा ५० रुपयांची वृत्ती पत्करली. कारण तिच्यामुळे महाराष्ट्रात राहून आपल्या लोकांत आपल्या विषयाचे काम करता येणार होते. पुढे हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलाविले, आणि फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली.

कमी वेतन पत्करणे हा स्वतः गुण नव्हे. परंतु नव्या क्षेत्रात पहिली दोन-तीन वर्षे वेतन घटण्याचा संभव असतो, आणि ती घट कशासाठी सोसत आहोत याचे स्पष्ट उत्तर आपणांजवळ असावे. याच चरित्राची दुसरी बाजूही आहे. कोसंबी घराबाहेर पडले, तेव्हा पत्नी व लहान मूल मागे राहिले होते. त्यांच्या विद्वत्तेचा गौरव करताना हा भार विसरणे न्याय्य होणार नाही.

६. या चरित्रांवरून निघणारी सूत्रे

पहिले सूत्र असे की, व्यवसाय बदलतो, पण कौशल्य सोबत येते. पदनाम आणि कौशल्य यांत आपण नेहमी गल्लत करतो. ‘मी लेखापाल आहे’ हे पदनाम झाले. आकड्यांतील विसंगती हेरणे, मुदतीत काम संपविणे, नियमाचा अर्थ लावणे ही कौशल्ये झाली. पदनाम कार्यालयात राहते, कौशल्य आपल्याबरोबर निघते. छपाईच्या धंद्यात खिळे जुळविणाऱ्या ज्या कारागिरांनी पुढे संगणकावर अक्षरजुळणी शिकून घेतली, त्यांचे खिळे गेले. परंतु शुद्धलेखनाची जाण, ओळींची मांडणी आणि मुद्रिते तपासण्याची नजर कामी आली.

दुसरे सूत्र, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काम, गाव आणि मिळकतीचा मार्ग ही तिन्ही एकदम बदलल्यास अपयशाचे कारणही कळत नाही आणि सावरावयास जागाही उरत नाही.

तिसरे, मोठ्या उडीपूर्वी लहान नमुना करून पाहावा. किर्लोस्करांच्या सायकली, भातखंडे यांचे प्रवास आणि टिपणे, फाळके यांचे वाटाण्याचे रोप, हे सर्व असे नमुनेच होत. अध्यापनाकडे वळू इच्छिणाऱ्या अभियंत्याने एखाद्या सुट्टीत विनामूल्य वर्ग घेऊन पाहावेत. शेतीपूरक उद्योगाची स्वप्ने पाहणाऱ्याने एक हंगाम दुसऱ्याच्या शेतावर प्रत्यक्ष काम करावे. दुरून दिसणारे काम आणि जवळून करावयाचे काम यांत अंतर असते, आणि ते नमुन्यातच उमगते.

चौथे, किंमत कोण देणार, हे आधी बोलून घ्यावे. रामुअण्णांच्या साथीशिवाय सायकलींचे दुकान उभे राहिले नसते, आणि सरस्वतीबाईंच्या दागिन्यांशिवाय व श्रमांशिवाय पहिला चित्रपट पुरा होणे कठीण होते. घरच्या माणसांना निर्णय कळविणे आणि त्यांना निर्णयात घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. तरुण मुली व विवाहित स्त्रिया यांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे. त्यांचे व्यवसायांतर हा घरातील कामांच्या वाटणीचाही प्रश्न असतो, आणि ती वाटणी न बदलता केवळ ‘आमची हरकत नाही’ असे म्हणण्याने फारसे साधत नाही.

७. व्यवहारातील काही दक्षता

चरित्रांवरून दिशा कळते. पाऊल मात्र आजच्या नियमांच्या चौकटीतच टाकावयाचे असते. यास्तव पुढील बाबी ध्यानात असाव्यात.

(अ) शासकीय कर्मचाऱ्यास सेवेत असताना परवानगीवाचून खाजगी व्यापार वा दुसरी नोकरी करता येत नाही. त्यामुळे वर सांगितलेला ‘नमुना’ त्याने अभ्यास, प्रशिक्षण किंवा नियमांना मान्य असलेले काम या स्वरूपातच करावा, आणि शंका असल्यास लेखी परवानगी घ्यावी.

(आ) एका शासकीय पदावरून दुसऱ्या शासकीय पदासाठी अर्ज करावयाचा झाल्यास तो योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयप्रमुखामार्फत करावा. असे केल्यास मागील सेवा जोडून मिळणे व मूळ पदावरील धारणाधिकार काही काळ राखणे यांसंबंधीच्या तरतुदींचा लाभ मिळू शकतो. केंद्र व निरनिराळी राज्ये यांचे नियम सारखे नसल्याने आस्थापना शाखेत चौकशी केल्याशिवाय राजीनामा लिहू नये.

(इ) खाजगी सेवेतील व्यक्तीने भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढून घेण्याची घाई करू नये. २०१४ पासून सदस्यास एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळतो आणि नव्या नोकरीत जुने खाते वर्ग करता येते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली मासिक निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची पात्र सेवा लागते. मध्येच रक्कम काढल्यास मागील वर्षांची गणना खंडित होते. उपदानासाठीही कायम कर्मचाऱ्यास सामान्यतः पाच वर्षांची सलग सेवा आवश्यक असते. साडेचार वर्षे पुरी झालेल्याने ही बाब दिनदर्शिकेवर पाहूनच निर्णय घ्यावा.

(ई) नियुक्तिपत्रातील सूचनेचा कालावधी, प्रशिक्षणाच्या वेळी लिहून दिलेला बंधपत्राचा मजकूर, आणि सोडताना मिळावयाचे कार्यमुक्तीचे पत्र व अनुभवाचा दाखला यांकडे दुर्लक्ष करू नये. मागील दार नीट लावून गेलेल्यालाच ते गरजेच्या वेळी पुन्हा उघडते.

(उ) किमान सहा महिन्यांचा घरखर्च हाती असावा, आणि आरोग्यविम्यात खंड पडणार नाही याची तजवीज असावी. घर किंवा शेत गहाण टाकून पहिला प्रयोग करू नये.

(ऊ) पदवी किंवा पात्रता कमी पडत असल्यास नोकरी न सोडताही शिकता येते. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मधील नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचा उपयोग अनेकांनी यासाठीच केला आहे. केंद्र शासनाची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ पासून चालू आहे. तेथे नोंदणी करता येते. शासकीय पदांच्या वयोमर्यादा मात्र आधी तपासाव्यात, कारण त्या कोणाच्या मनःस्थितीसाठी थांबत नाहीत.

८. समारोप

वाट बदलण्याचा निर्णय म्हणजे मागील वर्षे वाया गेली अशी कबुली नव्हे. किर्लोस्करांच्या कारखान्यात आरेखनशिक्षक होता, भातखंडे यांच्या ग्रंथात वकील होता, आणि फाळके यांच्या चित्रपटात छायाचित्रकार, पडदे रंगविणारा व जादूगार असे सगळेच होते. जे शिकलो ते टाकून देऊन निघणारा माणूस प्रत्येक वेळी पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो. जे शिकलो ते बांधून घेऊन निघणारा मधल्या पायरीवरून चढू लागतो. आणि पूर्ण विचारान्ती, आहे त्याच व्यवसायात राहावयाचे असे ठरले, तर तोही पराभव नव्हे. विचारपूर्वक टिकून राहणाऱ्याचे काम सवयीने टिकून राहणाऱ्याच्या कामाहून निश्चितच निराळे होते.

स्वाध्याय

१. आपल्या सध्याच्या पदनामाचा उल्लेख न करता, आपणांस येत असलेली दहा कामे एका कागदावर लिहा. त्यांपैकी कोणती कामे दुसऱ्या कार्यालयात किंवा दुसऱ्या गावात उपयोगी पडतील?

२. व्यवसाय बदलण्याची इच्छा सक्तीमुळे, कुंठित प्रगतीमुळे की आंतरिक ओढीमुळे होत आहे? बदलीने किंवा रजेने हा प्रश्न सुटू शकेल काय?

३. नव्या क्षेत्रात तीन महिन्यांत आणि अल्प खर्चात करून पाहता येईल असा एखादा नमुना सुचवा.

४. मिळकत दोन वर्षे एक-तृतीयांशाने घटली, तर घरातील कोणते खर्च थांबतील, आणि त्याची झळ कोणास लागेल? त्या व्यक्तीशी आपण या विषयावर बोललात काय?

५. नियोजित क्षेत्रात दहा वर्षे काम केलेल्या एका व्यक्तीस भेटून तिच्या कामातील कंटाळवाण्या गोष्टींची माहिती घ्या, आणि त्या आपणांस चालतील काय याचा निर्णय करा.